थोरल्या महाराजांच्या हाती छत्री दिली, त्याची बखर

श्री. ज्या राज्याची ही हकीकत त्या राज्याचे नाव लिहू नये, नदीचे लिहू नये, गडाचेही लिहू नये, ऐसे सांगणाराने आधी शपथ घालून मग सांगितले. सबब नावे टाकिली आणि घडले ते मात्र घडले तैसे लिहिले. वाचणाराने हसावे, परंतु खोटे म्हणू नये.

शके सतराशे शहाऐंशी, रक्ताक्षी नाम संवत्सरे, कार्तिक वद्य पंचमीचे दिवशी टोपीकरांचे एजंट साहेब हुजुरांचे भेटीस आले आणि जाताना विलायतेत छापिलेले एक जाड पुस्तक नजर करून गेले. महाराजांचे वय त्या काळी तेवीस, गादीवर बसून दुसरे वर्ष, आणि सरकारवाड्यात हसण्याची चाल नव्हती. महाराजांनी पुस्तक उघडिले तो आत टोपीकरांच्या बेटावरील पाचशे-सातशे वर्षांमागील राजांची चित्रे, आणि ती चित्रे ऐशी की एक राजा नखशिखांत लोखंडी चिलखतात जडलेला, त्यास विहिरीच्या रहाटाने वर ओढून घोड्यावर बसविताहेत आणि घोडा मान वळवून, हे ओझे माझ्याच पाठीवर का, ऐशा मुद्रेने पाहतो आहे. दुसरा राजा लढाई हरून पळतो आहे, मुगुट रुमालात बांधून काखेस मारिला आहे आणि पाऊस लागेल म्हणून डोईवर छत्री धरिली आहे. आणि एका राणीचा दरबार भरला आहे, त्यात ते जुन्या काळचे सरदार डोळ्यांस चष्मे लावून, आजच्या साहेबांसारख्या उंच काळ्या टोप्या घालून, खिशातली घड्याळे काढून भोजनास किती अवकाश आहे ते पाहताहेत. महाराज हसू लागले ते हसतच राहिले, हुजऱ्याने पाणी आणिले ते पिताना हसले, ठसका लागला, आणि दुसरे दिवशी पूजेस बसले असताही मध्येच हसू फुटले. मग महाराजांनी कारभारी मंडळी जमवून सांगितले की, हे लोक आपल्या राजांस हसतात आणि तरी यांचे राज्य बुडत नाही, उलट वाढतच चालले आहे, तेव्हा हसण्यात काही बळ असले पाहिजे. आपल्याही पूर्वजांचे ऐसेच पुस्तक व्हावे, नवीन शिळाप्रेस आणिला आहे त्यावर छापावे, आणि पौष शुद्ध दशमीस नदीकाठी दरबार आहे त्याच्या आत तयार असावे.

हुकूम सुटला तो सटवोजी जिनगरावर. सटवोजी हा हुजूरचा चितारी, वय पंचेचाळीस, अंगाने किरकोळ, बोलणे थोडे. त्याने आजवर घराण्यातील सात पूर्वजांच्या तसबिरी काढिल्या होत्या, आणि त्या पुरुषांस पाहिलेले कोणी हयात नसल्यामुळे सातही जणांस एकच तोंड देऊन पागोट्यांचे रंग मात्र निरनिराळे ठेविले होते, आणि आजवर कोणी तक्रार केली नव्हती. हुकूम ऐकून तो घरी येतो तो पाठोपाठ दुसरे वर्तमान आले की, महाराजांच्या मातुश्री आऊसाहेब यांनी ही गोष्ट ऐकिली आणि कुलस्वामिनीपुढे उभे राहून शब्द दिला, जो हात आमच्या वडील माणसांस हास्यास्पद करील त्या हाताचा अंगठा आम्ही घेऊ. आऊसाहेबांनी शब्द देऊन मोडिला ऐसे राज्यात कोणास ठाऊक नव्हते. सटवोजीने उजवा अंगठा डाव्या मुठीत धरिला आणि भिंतीस टेकून बसला. चित्रे न काढावी तर महाराजांची गैरमर्जी, काढावी तर अंगठा जातो, आणि चिताऱ्याचा अंगठा गेला म्हणजे मागे राहते काय. बायको सगुणाबाई शहाणी, तिने सुचविले की ताप आला म्हणून पडून राहावे. तो पडून राहिला, मग महाराजांनी काळजीने राजवैद्य पाठविले, वैद्यांनी नाडी पाहिली, काय समजायचे ते समजले, आणि तीन दिवस ऐसा कडू काढा पाजिला की चौथे दिवशी सटवोजी आपल्या पायाने चित्रशाळेत जाऊन बसला.

बसला, परंतु काढावे काय. अंताजीपंत चिटणीस यांजकडे घराण्याचा लिखित इतिहास होता, तो त्यांनी वाचून दाखविला. त्यात मूळपुरुष सूर्यासारखे, दुसरे चंद्रासारखे, तिसरे पुन्हा सूर्यासारखे, आणि शत्रू प्रत्येक वेळी हरणासारखे पळाले. सटवोजीने चार दिवस डोके खाजविले आणि मग विलायती पुस्तक समोर ठेवून थोरल्या महाराजांस, म्हणजे मूळपुरुषांस, पांढऱ्या घोड्यावर बसवून त्यांच्या हाती एक छत्री दिली. महाराजांनी ते चित्र पाहिले, उलटे करून पाहिले, आणि म्हणाले की, हे छत्री घेतलेले राजे आहेत, यात हसावे कोठे. सटवोजीस भयापेक्षाही त्या बोलण्याची लाज अधिक वाटली. हात त्याचा चांगला होता आणि हे त्यास ठाऊक होते. हसू काही हातात नव्हते.

येथे नदीकाठच्या दरबाराचे कारण सांगितले पाहिजे. आपल्या राज्याच्या आणि नदीपलीकडील राज्याच्या मध्ये एक कुरण होते, कोसभर लांब, गवत कमरेइतके. तीनशे वर्षांपूर्वी त्या कुरणावर उभय राजांची लढाई जाहली, आणि आमचा इतिहास म्हणे आम्ही जिंकलो, त्यांचा इतिहास म्हणे त्यांनी जिंकिले, आणि तेव्हापासून भांडण चालत आले. तीन वर्षांमागे दोन्हीकडचे गुराखी काठ्या-कुऱ्हाडी घेऊन भिडले, दोन माणसे मेली, मग नदी ओलांडण्याच्या उतारावर चौक्या बसल्या आणि नावा ओढून काठावर पालथ्या घातल्या. सटवोजीची एकुलती लेक ठकू त्याच्या आदल्या वर्षी पलीकडच्या तीरावर दिली होती. तिला मुलगा जाहला ऐसे एका गोसाव्याने येऊन सांगितले, इतकेच. नातू कोणासारखा दिसतो हे चितारी असून त्यास ठाऊक नव्हते. आता एजंट साहेब दोन्ही इतिहास ऐकून कुरणाचा निकाल करणार होते, आणि अंताजीपंत रोज आरशापुढे उभे राहून वाचण्याची तालीम करीत होते.

मार्गशीर्ष शुद्ध तृतीयेस आऊसाहेबांचे बोलावणे आले, चित्र घेऊन यावे. सटवोजीने देवास नमस्कार केला, सगुणाबाईने त्याच्या कपाळास अंगारा लाविला, आणि तो गेला. आऊसाहेब पंचावन्न वर्षांच्या, पांढरे लुगडे, ताठ बसण्याची सवय. त्यांनी चित्र हाती घेतले आणि इतका वेळ पाहत राहिल्या की सटवोजीच्या पायांस मुंग्या आल्या. त्याने मनातल्या मनात अंगठ्याचा निरोप घेतला. मग आऊसाहेब बोलल्या, "हा घोडा चुकला."

सटवोजीने वाकून चित्राकडे पाहिले. तो म्हणाला, "सरकार, घोडा कसा होता?"

"घोडा नव्हताच. घोडी होती, आणि एका डोळ्याने आंधळी. ती डावीकडेच वळे. उजवीकडे वळणे तिला माहीत नव्हते."

आणि ऐसे म्हणून आऊसाहेब थांबल्या, दासींस बाहेर घालविले आणि सांगू लागल्या. थोरले महाराज तीनशे स्वारांनिशी गडाखाली आले, परंतु दरवाजा उजव्या हातास आणि घोडी जाई डाव्या हातास, सबब महाराज गडास वळसा घालून पुन्हा तेथेच आले, आणि धनी जातात म्हणून मागे तीनशे स्वार, ऐसे दिवसभर सतरा वळसे जाहले. गडावरचा किल्लेदार मोजीत बसला होता, त्याने प्रत्येक वळसा नवीन फौज समजून बेरीज केली, आणि सायंकाळी किल्ल्या घेऊन खाली उतरला. महाराजांनी किल्ल्या घेतल्या त्याही डाव्या हाताने, कारण उजवीकडे वळता येईना. हे सांगता सांगता आऊसाहेबांनी पदर तोंडास लाविला आणि त्यांचे खांदे हलले. मग पदर काढून पूर्ववत ताठ बसल्या आणि म्हणाल्या की, आमचा शब्द जागचा हलला नाही, अंगठा आम्ही घेणारच. परंतु उद्या दुसऱ्या महाराजांचे चित्र घेऊन ये, त्यातही तू चुका करशील.

मग सटवोजी रोज जाऊ लागला. आऊसाहेब अकराव्या वर्षी सून होऊन या घरात आल्या, तेव्हा सासूबाई त्यांची वेणी घालीत आणि वेणी घालताना या गोष्टी सांगत. सासूबाईंस त्यांच्या सासूबाईंनी सांगितलेल्या, ऐशा त्या बायकांच्या वेण्यांतून चालत आल्या होत्या आणि चिटणिसांच्या दौतीत कधी उतरल्या नव्हत्या. महाराजांस बायको अजून यावयाची होती. चाळीस वर्षे आऊसाहेबांजवळ सगळा साठा पडून होता आणि सांगावे ऐसे माणूस भेटले नव्हते. त्या रोज प्रथम अंगठ्याची आठवण देत आणि मग सांगत. दुसरे महाराज वाघास भीत नसत, परंतु पालीस भीत, राज्याभिषेकाचे मुहूर्तास सिंहासनामागे पाल निघाली, तेव्हा महाराज उठून पागेत जाऊन बसले आणि तेथेच अभिषेक जाहला, घोडे खिंकाळले ते मंगलवाद्य मानिले. तिसऱ्या महाराजांनी गड पडेपर्यंत अन्न घेणार नाही ऐशी प्रतिज्ञा केली, मग आचाऱ्यास दया आली आणि त्याने उशीत लाडू शिवून दिले, आणि अकराव्या दिवशी मुंग्यांची रांग सगळ्या छावणीदेखत महाराजांच्या तंबूत शिरली. सटवोजी ऐके आणि तेथेच कोळशाने काढी, आणि आऊसाहेब म्हणत, आचारी आणखी लठ्ठ, मुंग्या आणखी, महाराजांस झोपेचे सोंग घेतलेले दाखव, ते वाईट सोंग घेत. सटवोजीच्या हातास ऐसा वेग आला जो जन्मात आला नव्हता. तो जेवताना पाटावर बोटाने पाली काढी, आणि सगुणाबाईने विचारले की अंगठा जाणार आहे हे विसरला की काय, तेव्हा तो खरोखरच विसरला होता.

मग शिळेवर चढविणे आले. शिळाप्रेसचे काम ऐसे की दगडावर चित्र उलटे काढावे तेव्हा कागदावर सुलटे उमटते. सटवोजीने उत्साहाच्या भरात हे न ध्यानी घेता घोडी जशीच्या तशी दगडावर उतरविली, पहिला कागद निघाला तो घोडी उजवीकडे वळलेली, आणि आऊसाहेबांनी पाहून सांगितले की, ऐसे असते तर आज आपण कोणीच येथे नसतो. मग दगड घासून दोन दिवस वाया गेले, पुन्हा काढिली, आणि या वेळी छत्री, चष्मा, घड्याळ सगळे आपापल्या जागी बसले. महाराजांनी तीन पाने पाहिली आणि गादीवर आडवे जाहले, हुजरे घाबरून धावले. हे सगळे तुला कोठून कळले, ऐसे महाराजांनी विचारिले, तेव्हा सटवोजी म्हणाला की, सुचले. कारण आऊसाहेबांनी बजाविले होते की आमचे नाव निघाले तर अंगठ्याबरोबर बोटेही जातील.

चौथे महाराज राहिले, आणि कुरणाची लढाई चौथ्यांचीच. मार्गशीर्ष वद्य द्वादशीस सटवोजीने ते विचारिले तो आऊसाहेबांचा चेहरा फिरला. त्या म्हणाल्या की, हे आमच्या सासूबाईंनी दार लावून घेऊन सांगितले होते. मग आपणही उठून दार लाविले आणि सांगितले. त्या दिवशी नदीवर दाट धुके होते, हातास हात दिसेना. दोन्ही फौजा उतारापाशी आल्या, दोघांनी नगारे वाजविले, डोंगरातून प्रतिध्वनी आला आणि दोघांसही वाटले की समोर दसपट फौज आहे. आमचे महाराज पळाले. त्याच घटकेस त्यांचेही पळाले. धुके निवळले तेव्हा रणांगणात एक म्हैस होती. चार दिवसांनी उभयतांस कळले की दुसराही पळाला, आणि मग दोघांनी जिंकलो म्हणून साखरा वाटिल्या. इतके सांगून आऊसाहेब म्हणाल्या, "हे काढायचे नाही. यावर कुरण उभे आहे."

सटवोजी हो म्हणून घरी आला. त्याच्या मनात दोन मेलेली माणसे आली, पालथ्या नावा आल्या, ठकू आली, आणि हे सगळे धुक्यापायी, हे त्याच्या पोटात मावेना. दुसरे दिवशी सकाळी त्याने ओटीवर बसून चित्र काढिले. उभय राजे पाठीस पाठ लावून दोन दिशांस पळताहेत, एकाने पागोटे धरिले आहे, दुसऱ्याने धोतर, दोघांच्या बगलेत छत्र्या, आणि मध्ये म्हैस रवंथ करीत, डोळ्यांस चष्मा लावून दोघांकडे पाहते आहे. ते त्याने शिळेवर चढविले नाही, कोणास दाखविले नाही, घडी करून बाराबंदीत ठेविले.

पौष शुद्ध दशमीस कुरणातच शामियाने पडले. एजंट साहेब खुर्चीवर, एका अंगास आमचे महाराज, दुसऱ्या अंगास नदीपलीकडील राजे, वय सत्तर, देह भारी, भुवया पांढऱ्या, आणि आमच्या बाजूस चिकाच्या पडद्याआड आऊसाहेब. दोन्हीकडे दोन-दोनशे माणूस हत्यारबंद. अंताजीपंतांनी खणखणीत वाचिले की, शत्रू हरणासारखा पळाला. पलीकडच्या चिटणिसांनी त्याहून मोठ्या आवाजात वाचिले की, शत्रू सशासारखा पळाला. ससा म्हणताच आमच्याकडचा एक शिलेदार उठला, तो उठला म्हणून त्यांच्याकडचे दोन उठले, मग कोणी ढाल पाठीवरून पुढे घेतली, दुभाषी साहेबास काही सांगू लागला तो त्याची वाचाच बसली, आणि महाराज हात वर करून खाली बसा म्हणताहेत ते कोणी ऐकेना. सटवोजी पुस्तकाच्या प्रती घेऊन मागे उभा होता. त्याने पाहिले की आता एक तलवार निघाली की दोनशे निघतील आणि नावा आणखी तीस वर्षे पालथ्या राहतील. तो माणसांतून वाट काढीत मधोमध गेला, घडी उलगडली आणि म्हाताऱ्या राजांपुढे दोन्ही हातांनी धरिली.

एक किरकोळ माणूस कागद घेऊन मध्येच आला म्हणून सगळे क्षणभर थबकले. म्हाताऱ्या राजांनी कागद घेतला, दूर धरिला, जवळ धरिला, आणि त्यांच्या भुवया वर चढल्या. त्यांनी विचारिले, "हे तुला कोणी सांगितले?"

सटवोजीने पडद्याकडे पाहिले नाही. तो म्हणाला, "कोणी नाही, महाराज. मीच रचिले. शिक्षा माझी आहे."

तोच चिकाआडून आवाज आला, मोठा नाही, परंतु शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "आम्ही सांगितले. आमच्या घरात असेच सांगतात. तुमच्या घरात काय सांगतात, ते तुम्ही सांगावे."

म्हातारे राजे पुन्हा चित्राकडे वळले, बराच वेळ पाहिले, आणि मग सटवोजीस जवळ बोलावून बोट ठेविले. "येथे चूक आहे. आमच्या पणजोबांच्या पणजोबांच्या पायात त्या दिवशी एकच जोडा होता. दुसरा चिखलात राहिला. आमच्या आजीने सांगितले. तो जोडा काढ."

सटवोजीने कमरेचा कोळसा काढिला आणि तेथेच, राजांच्या गुडघ्यावर कागद ठेवून, म्हशीच्या पुढ्यात चिखलात रुतलेला एक जोडा काढिला, म्हैस तो हुंगते आहे ऐसा. म्हाताऱ्या राजांचे पोट हलू लागले, मग खुर्ची हलू लागली, मग महाराज धावत येऊन पाहू लागले आणि दोघे राजे एकमेकांच्या खांद्यास धरून हसू लागले, आणि चित्र हातोहात फिरले, उठलेले शिलेदार बसले, ज्याने ढाल पुढे घेतली होती त्याने तीच तोंडापुढे धरिली. दुभाष्याने साहेबास समजाविले तेव्हा सगळे हसून जाहले होते, सबब साहेब एकटेच हसले आणि त्यांस पाहून सगळे पुन्हा हसले. मग निकालास घटकाही लागली नाही. कुरण त्या म्हशीने जिंकिले, ऐसे उभयतांनी मान्य केले, सबब दोन्ही तीरांच्या गुरांनी तेथे चरावे आणि राजांनी मध्ये पडू नये, ऐसा ठराव होऊन शिक्के पडले, आणि सायंकाळच्या आत नावा पाण्यात होत्या. पहिल्या नावेत सगुणाबाई बसली आणि सटवोजीस म्हणाली की तू मागून ये, तुझे अजून काम आहे.

काम होते ते अंगठ्याचे. आऊसाहेबांनी देवीपुढे शब्द दिला होता आणि तो मोडणार नव्हता. महाराजांनी मध्यस्थी करून पाहिली, ती चालली नाही. सटवोजीस बोलाविले, हात पुढे कर म्हणाल्या, त्याने केला. मग त्यांनी शिळाप्रेसची काळी शाई मागविली, आपल्या हाताने त्याच्या उजव्या अंगठ्यास लाविली आणि तो अंगठा पुस्तकाच्या पहिल्या पानावर दाबून धरिला. पान उचलून वाळविले, देवीस दाखविले, आणि सांगितले की अंगठा आम्ही घेतला. अंताजीपंत मात्र पंधरा दिवस कोणाशी बोलले नाहीत. मग त्यांनी इतिहासाचे ते पान नवे लिहिले की, उभय राजांनी त्या दिवशी एकविचाराने धुक्याचा पराभव केला.

माघात आऊसाहेबांनी सटवोजीस पुन्हा बोलाविले. या वेळी दासींस बाहेर घालविले नाही. म्हणाल्या की, एक चित्र राहिले. कैलासवासी महाराजांचे, म्हणजे त्यांच्या यजमानांचे. ते महाराज करड्या शिस्तीचे, त्यांच्यापुढे सटवोजीने मान वर केली नव्हती. आऊसाहेबांनी सांगितले की, एकदा दुसऱ्या एका विलायती पुस्तकात साहेब-मडमांचा नाच पाहून ते दार लोटून, लोडास कवटाळून, तोंडाने एक-दोन-तीन मोजीत तो नाच शिकत होते. त्या आत गेल्या, तर ते दचकले, लोड खाली ठेविला, कमरेत वाकले आणि हात पुढे केला. आऊसाहेबांस लाज वाटली म्हणून त्या पळाल्या. सटवोजीने विचारिले की, सरकार, लोड काढू की पुढे केलेला हात काढू. आऊसाहेबांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "हात काढ. आणि मी पळाले ते काढू नकोस. मी उभी आहे, असे काढ."

सटवोजीने तैसे काढिले. ते छापिले नाही, एकच प्रत.

येणेप्रमाणे त्या राज्यात चार पूर्वज हसरे जाहले, पाचवे एका खोलीत राहिले, कुरणात गुरे चरू लागली आणि गादीस काही बाध आला नाही. हकीकत इतकीच. लिहिण्यात उणे-अधिक असेल ते जाणत्याने सुधारून घ्यावे.